मंगरूच्या पाठीवरून गेलेली गाय

मंगरू,

तुझ्या तेरवीला जे जे बोलायला उभे राहिले ते सगळे खोटं बोलले. एक म्हणाला, गाईच्या पायाखाली मरण यायला पुण्य लागतं. दुसरा म्हणाला, मंगरूच्या जन्माचं सोनं झालं. तिसऱ्यानं तर तुला थेट वैकुंठात नेऊन बसवलं, आणि बायका डोळ्याला पदर लावून माना डोलवत होत्या. मग मला म्हणाले, ‘वयनी, तुमीबी चार शब्द बोला.’ मी उठले, तोंड उघडलं आणि आता शिवी बाहेर पडते की काय असं वाटून पुन्हा खाली बसले. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. लिहिताना शिवी आली तर खोडता येते.

सोनंबिनं काही झालं नाही, मंगरू. तुझ्या बरगड्या मोडल्या. दिवाळीच्या पाडव्याला, गायगोधनाच्या दिवशी, अख्ख्या गावासमोर तू आखरावर, गुरं जमायच्या माळावर, पालथा पडलास आणि माझी गाय तुझ्यावरून गेली. सिंदेवाहीच्या दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत तुझ्या तोंडातून फेसाळ रक्त येत राहिलं आणि गाडीचा आवाज आला तेव्हा ते थांबलं. याला पुण्य म्हणणाऱ्याची जीभ कशी झडत नाही, हे मला कळत नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू शाळेत जायच्या वयाचा होतास आणि शाळेत जात नव्हतास. मी माप ओलांडलं, समोर पाहते तर माझा धाकटा दीर वासराच्या शेपटीला लोंबकळून अंगणभर फरफटत चाललेला. गुडघे सोललेले, नाकातून रक्त, आणि हसतोय. सासूबाई म्हणाल्या, ‘याले हाक मारू नको. ढोराले हाक मार, मंग हा येते.’ तुझी पहिली जखम मी त्याच दिवशी नव्या लुगड्याच्या पदरानं पुसली. त्यानंतर पुसतच राहिले.

तू मोठा झालास आणि बापासारखा, आजासारखा गावचा गायकी झालास. सकाळी घराघरातली गुरं आखरावर जमायची, तू ती जंगलात न्यायचास आणि दिवस मावळायला परत आणायचास. तुझं लग्न व्हावं म्हणून मी किती उंबरे झिजवले! त्या पळसगावच्या पोरीच्या बापानं विचारलं, ‘काय काम करता?’ तू म्हणालास, ‘ढोराच्या मांगं चालतो.’ तो म्हणाला, ‘अन् माह्या पोरीले कोन पाह्यल?’ तू म्हणालास, ‘तेही चालन मांगं मांगं.’ चहासुद्धा न पिता उठावं लागलं. मी रस्ताभर तुला शिव्या घातल्या, आणि नाल्याजवळ आल्यावर आपण दोघं पोट धरून हसलो. तुझ्या भावानं राजुऱ्याकडे कोळशाच्या ट्रकवर नोकरी धरली, तो आठवड्याला एकदा घरी यायचा. घरात खरं तर आपण दोघंच, भांडायला आणि हसायला.

गायगोधन मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किंचाळले होते. डफ वाजतोय, उंच बांबूवरची ढाल नाचतेय, शेणाचं गोधन मांडलेलं, आणि त्याच्यापुढे मातीत तू नि तुझा बाप पालथे. रंगवलेली शिंगं, गळ्यात घंटा, असा सगळा कळप धूळ उडवत तुमच्या अंगावरून धावत आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तू उभा होतास, अंगावर फक्त माती. घरी आल्यावर सदरा काढून तू माझ्यापुढे पाठ केलीस, ‘पाह्य वं वयनी, एक तरी खून हाय का?’ खरंच नव्हती. मी विचारलं, हे कसं? तू म्हणालास, ‘अवं, जंगलातली गाय पाहून पाय टाकते. मुळी, गोटे, काटे, साप, सारं पाहून. मी तं मोठा हाव. मी दिसत नाई का तिले?’ मग दरवर्षी गोधन झालं की तू पाठ दाखवायचास आणि मी तेलाचं बोट फिरवून खूण शोधायचे. ती सापडू नये म्हणून मी वर्षभर देवाला काही मागत नव्हते, एवढंच मागायचे.

पुढे कळप आटत गेला. जंगलात वाघ वाढले, आणि त्यांची भीती त्याहून जास्त. त्या वर्षी नाल्याकाठी वाघानं कळपातल्या कपिली गाईला धरलं तेव्हा तू पळाला नाहीस. काठी घेऊन धावलास. तू घरी आलास ते त्याच्या पंज्यानं फाडलेलं खांद्यावरचं मांस लोंबत, आणि तुला तुझ्या खांद्याचं काही नव्हतं. ‘वयनी, त्यानं कपिलीची मान माह्या डोयापुढं मोडली. कट्कन. मी काठी मारून राह्यलो अन् तो माह्याकडं पाहून राह्यला, मान न सोडता.’ दवाखान्यात टाके घालतानाही तू तेच बोलत होतास. टाके घालणारा डॉक्टर शेवटी म्हणाला, बाबा, जरा गप्प राहा.

त्यानंतर लोकांनी गाई काढायला सुरुवात केली. धानकापणीला हार्वेस्टर आला, तो तणसाचा, पेंढ्याचा, भुगा करून धानाच्या बांधीत पसरून जातो, ढोरांच्या वाट्याला काही उरत नाही. उन्हाळा असा तापायला लागला की अकरानंतर जंगलात तोंड घालायला हिरवं पान नाही, नाल्याला पाणी नाही. पहाटे अंधारात न्यावीत तर ती वाघाची वेळ. एकेक घर गाई विकत गेलं. कापायला नेणारी पिकअप यायची, आत कोंबताना गाई पाय रोवायच्या, आणि त्यांच्या शेपट्या पिळून, पाठीवर काठ्या मारून त्यांना वर चढवायचे. तू प्रत्येक वेळी जायचास आणि प्रत्येक वेळी भांडून यायचास. एकदा तर कुणाचा दात पाडून आलास.

आणि मी जर्सी आणली. यावर आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही, तू गेलास तरी. मी म्हणायचे, जी गाय चालते पण दूध देत नाही ती एक दिवस पिकअपमध्ये चढते. तू म्हणायचास, जी गाय चालतच नाही ती गाय कसली? मी सिमेंटचा गोठा बांधला, नेपिअर गवत लावलं, हिरवा चारा आंबवून मुरघास करायला शिकले, वरती पंखा लावला. तू गोठ्याच्या दारात उभा राहून म्हणालास, ‘वा! म्यॅडमले पंखा पायजे? अजून काय पायजे, पावडर?’ तेव्हापासून तिचं नाव मॅडमच पडलं. रात्री दारू पिऊन आलास आणि काठीनं तो नवाकोरा पंखा फोडलास. मी दुधाच्या कॅनचं झाकण भिरकावलं, ते तुझ्या भुवईवर बसलं. भळाभळा रक्त. मग मीच हळद भरली, मीच रडले, आणि तू म्हणालास, ‘निशाना चांगला हाय वं तुहा.’ दुसऱ्या दिवशी सिंदेवाहीला जाऊन तू पंखा आणलास. पैसे कुठून आणलेस ते मी विचारलं नाही.

पण मंगरू, त्या मे महिन्याचं ऋण मी कसं विसरू? वादळात विजेचे खांब आडवे झाले आणि गावात वीज येईना. मॅडम जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागली, तोंडातून लाळेच्या तारा, डोळे पांढरे. मी हात टेकले होते. तू आत आलास. ओली पोती तिच्या पाठीवर टाकत, सुपानं वारा घालत, विहिरीचं पाणी ओढत, तू तिच्यापाशी बसलास ते वीज येईपर्यंत. हाताची सालं गेली तुझ्या. आणि तिच्याशी बोलत होतास, मला ऐकू येत होतं, ‘मरू नको वं म्यॅडम. वयनी मले मारन.’ ती वाचली ती माझ्या सिमेंटनं नाही, पंख्यानं नाही. ती तुझ्यामुळे वाचली. त्यानंतर तू गोठ्यात पाऊल टाकलंस की ती मान वळवायची. माझ्याकडे तिनं तशी मान कधी वळवली नाही, याचा मला थोडा रागही यायचा.

तेच तुला भोवलं. ती मला ओळखते, एवढ्यावर तू सगळं पणाला लावलंस.

या वर्षी दिवाळी जवळ आली तेव्हा तू संध्याकाळी ओट्यावर येऊन बसलास. आखरावर येणाऱ्या गाई एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, असं म्हणालास. त्यांच्यात एक आंधळी. ‘गोधन कसं खेळू वयनी? कळपच नाई.’

मी म्हटलं, ‘नको खेळू. पूजा कर अन् घरी ये.’

‘बाप खेळला, आजा खेळला.’

‘त्यायच्याकडं गाई होत्या, मंगरू.’

तू हळूच म्हणालास, ‘म्यॅडम दे ना.’

मला वाटलं तू मस्करी करतोस. पण तुझा चेहरा तसा नव्हता. म्हणालास, ‘ते मले ओळखते. माह्यासारखं कोनालेच ओळखत नाई.’

‘उभा असला का ओळखते!’ मी ओरडले. ‘बादली घेऊन आला का ओळखते. तू मातीत पडला तं तिच्यासाठी तू कोन? धानाचा बोरा! तिनं जन्मात कधी गोटा ओलांडला नाई, मुळी ओलांडली नाई. सिमेंटवर जलमली, सिमेंटवर वाढली. मोरीच्या नालीत पाय जाते तिचा, पाह्यलं नाई का तू? तिले पाय टाकन्याआधी खाली पाहाचं असते हेच मालूम नाई!’

‘गाय हाय ना ते?’ तू म्हणालास. ‘गाय मानसाले तुडवत नाई.’

‘तू नेशीन तं मी आखरावर येनार नाई.’

‘नको येऊ.’

आपलं शेवटचं धड बोलणं हे एवढंच. पुढे पाडव्यापर्यंत आपण एका चुलीवरचं जेवलो आणि एक शब्द बोललो नाही.

पाडव्याला मी दूध काढलं, कॅन भरला आणि डेअरीवर गेले. आखराकडून डफ ऐकू येत होता. दूध मोजून झालं, चार बायकांशी बोलून परत आले, तर गोठ्याचं दार उघडं. दावणीला दोर नाही. तू मागच्या दारानं शिरून तिला सोडून घेऊन गेला होतास, चोरासारखा, आपल्याच घरातून. तिच्या शिंगांना लावायला आणलेल्या रंगाची रिकामी डबी दारात पडली होती.

मी पळत सुटले. चप्पल कुठे निघाली कळलं नाही.

आखराच्या कडेला पोचले तेव्हा गावच्या गाई तुझ्यावरून जात होत्या. आंधळीसुद्धा गेली, मंगरू. नाक जमिनीला लावून, तुला हुंगून, पाय उंच उचलून. लोकांनी हाळी घातली. मग मागून मॅडम. शिंगं लाल-हिरवी, गळ्यात घंटा, आणि तिच्या डोळ्यांत एवढी भीती मी त्या मे महिन्यातही पाहिली नव्हती. डफ तिच्या कानाशी वाजत होता. ती सरळ चालत आली, जशी गोठ्यात पाण्याच्या टाकीकडे जाते. तिचा पुढचा पाय तुझ्या कमरेच्या वर पडला. ओलं लाकूड फुटतं तसा आवाज झाला.

त्या पायानं तू मेला नाहीस. हे मी लिहून ठेवते आहे, कारण तेरवीला हे कोणी बोललं नाही. तू मान वर केलीस. तू श्वास घेत होतास. मॅडम तुझ्या पुढे निघून थांबली, थरथरत, काय झालं तिला कळेना. आणि गाव तिच्यावर तुटून पडलं. समोरून काठ्या, दगड, कोणी ढालीचा बांबू. तिच्या तोंडावर, डोळ्यावर, शिंगांच्या मुळाशी. तिचा एक डोळा रक्तानं भरला. आणि तू, मातीत तोंड असलेला तू, जनावरं कळणारा तिथला एकटा माणूस, ओरडत होतास, ‘मारू नका! मांगं येईन ते! समोरून मारू नका!’ मी ऐकलं. मीही ओरडले. डफ थांबला नव्हता. कोणी ऐकलं नाही.

ती मागं आली, मंगरू. तोंडावरचा मार चुकवायला मागं मागं आली, आणि मागचे दोन्ही पाय, तिचं सगळं वजन, तुझ्या छातीवर आलं. आणि ते मारतच होते, म्हणून ती तिथंच नाचत राहिली.

मी आत घुसले. कुणाच्या हातातली काठी ओढली आणि माणसांवर चालवली. कोणाकोणाला लागली, मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. मॅडमच्या पोटाला खांदा लावून तिला बाजूला लोटलं. तुझं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तुझा एक हात जमिनीवर थापटत होता, जनावराला पाय उचलायला लावताना तू थापटायचास तसा. ‘पाय,’ तू म्हणालास. ‘पाय, माय, पाय.’ पाय तर केव्हाच निघाला होता. नंतर फेस आला आणि मग बोललाच नाहीस.

तुला आंघोळ घालताना मी सगळ्यांना बाहेर काढलं. तुला पालथं केलं आणि तेलाचं बोट घेतलं. खुणा शोधायची गरज नव्हती. खुरांचे निळे ठसे एकावर एक, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. आयुष्यभर तू हसत पाठ दाखवलीस आणि मी म्हटलं, काही नाही रे. त्या दिवशी मी काय म्हणायचं होतं, मंगरू? मी तुझ्या पाठीवर डोकं आपटलं. एवढाच निरोप दिला तुला.

मातीवरून परत आले तर गोठ्यापाशी दोन टोळकी जमलेली. एक म्हणत होतं, ही खुनी आहे, आजच पिकअपला द्या, गावात ठेवायची नाही. दुसरं हळदकुंकू घेऊन आलेलं, मंगरूला मोक्ष देणारी गाय म्हणून तिच्या खुरांची पूजा करायला. ज्यांच्या काठ्यांवर तिचं रक्त होतं ते दोन्हीकडे होते. मी विळा घेतला आणि दारात बसले. म्हटलं, ‘खुनी कोन, ते मी आखरावर पाह्यलं हाय. नाव घेऊ का?’ हळदकुंकवाची ताटली तिथंच ठेवून गेले. तुझा भाऊ म्हणाला, विकून टाक, तिला पाहून जीव जळतो. मी म्हटलं, मंगरूनं हाताची सालं घालवून वाचवलेली गाय मी कापायला देणार नाही. त्या रात्री तो माझ्यावर हात उगारून थांबला, आणि मग दोघंही गोठ्याच्या पायरीवर बसून रडलो.

खरं सांगू? पहिले काही दिवस मीही तिला मारलं. दूध काढताना हात आपोआप उठायचा. ती पान्हा चोरते आता. दार वाजलं की सुजलेला डोळा तिकडे वळवते आणि कोण आलं ते पाहते. लोक म्हणतात तिला पश्चात्ताप झाला. कसला पश्चात्ताप? ती तुझी वाट पाहते, एवढंच. जमिनीवर पडलेला तो तूच होतास, हे तिला अजून माहीत नाही.

तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, मंगरू. जाईल असं वाटत नाही. तू चोरून नेलीस, माझं ऐकलं नाहीस, आणि ज्या एका गोष्टीवर तुझा जन्म उभा होता ती गोष्ट एका मुक्या जनावराला न शिकवता तिच्यावर सोडून दिलीस. पण तू चुकलास असं माझ्यानं पुरतं म्हणवतही नाही. गाय माणसाला तुडवत नाही. आंधळी गेली ना तुझ्यावरून, अलगद? जिला चालायला मिळालं ती तुडवत नाही. माझ्या गाईला मी कधी चालूच दिलं नव्हतं. दूध हवं होतं मला, आणि दूध अजूनही हवंच आहे, घर त्यावर चालतं. मग मी काय करू?

तेरवी झाल्यावर मी अंगणातला सागाचा ओंडका ओढत आणला आणि गोठ्याच्या दारात आडवा टाकला. टाकी ओंडक्याच्या बाहेर नेली. पाणी प्यायचं तर ओलांडून यायचं. पहिल्या दिवशी ती ओंडक्यावर आदळली, गुडघा फोडून घेतला, आणि तहानलेली उभी राहिली. मी शेवटी बादली आत नेली. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारीण म्हणाली, ‘काय करून राह्यली वं बाई, पागल झाली का?’ मी ओंडक्याच्या बाजूला खाली बसले, तुझ्यासारखी जमीन थापटली आणि म्हटलं, ‘पाय. पाय, म्यॅडम, पाय.’

ती रोज ओंडक्यावर आदळते आणि मी रोज जमीन थापटते. पुढल्या पाडव्याला गोधन होईल की नाही, मला माहीत नाही. कोण पडेल मातीत? कोणी पडू नये. पण ती एकदा तरी तुझ्याएवढं काही ओलांडून जावी, तुला न लागू देता, एवढं मला पाहायचं आहे.

आज सकाळी तिनं पुढचे दोन्ही पाय ओंडक्यापलीकडे टाकले. मागचा एक अजून लागतो. पण उचलायच्या आधी ती थांबली होती, मंगरू, आणि मान झुकवून तिनं खाली पाहिलं.